पिण्यासारखं पाणी

"कबीर, बाहेर ये! आधी बाहेर ये!"

आसावरीनं जॅकेटची बाही नाकाला लावली, आत शिरून वीज बंद केली आणि कंटेनरचं मागचं दारही सताड उघडलं. कबीर मेश्राम हातात पाना घेऊन पाणी शुद्ध करायच्या यंत्रापाशी उभा होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि पठ्ठ्या ते पुसतही नव्हता. तिनं दंड धरून ओढलं तेव्हा तो निमूट बाहेर आला.

"तू आत कुठलं मीठ टाकलंस?"

"रोजचंच," कबीर म्हणाला.

रोजचं नव्हतं. अमेरिकेतल्या डब्लिनपासून पाऊण तासावरच्या या गावाच्या विहिरींत अग्निशमन सरावाच्या जुन्या मैदानावरच्या फेसातली रसायनं मुरली होती. ती कुजत नाहीत, उकळून जात नाहीत. हिऱ्याचा पातळ थर दिलेल्या पट्ट्यांमधून वीज सोडली की मात्र मोडतात. पाण्यातून वीज नीट जावी म्हणून त्यात सोडियम सल्फेट घालायचं. कबीरनं शेजारचं पोतं फोडलं होतं, पाणी मऊ करायच्या यंत्राचं साधं मीठ. एकात पूड, दुसऱ्यात खडे. शाळकरी पोरानंही ओळखलं असतं, आणि कबीर तर या कामातला इंजिनिअर. विजेखाली त्या मिठाचा क्लोरीन झाला आणि पाण्यात नको ती नवी भानगड तयार झाली.

"दहाला टाउनचे लोक सॅम्पल न्यायला येतायत!" आसावरी म्हणाली. ती प्रोजेक्टची प्रमुख, मूळची पुण्याची. एरवी आवाज चढवणारी नव्हे. "एक विष काढायचं आणि दुसरं घालून द्यायचं? अख्खी टाकी गेली यार. तुला वास कसा नाही आला?"

"आला."

"मग?"

कबीरनं जरा विचार केला. प्रश्न साधा होता, त्याला उत्तर साधंच सुचलं.

"बरं वाटलं," तो म्हणाला. "आमच्या बाबांच्या अंगाला तोच वास यायचा."

आसावरी पुढचं ऐकायला थांबली. तेही त्यानं बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

"बाबा गेले. मागच्या शुक्रवारी."

तिनं त्याला गाडीजवळ नेलं. "सांगितलं का नाहीस? गेला का नाहीस?" त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. गेलो तर परतीची तारीख कुणी सांगेना, आणि आईच म्हणाली, आता येऊन बाबा थोडेच भेटणार आहेत. ऑफिसात सांगितलं असतं तर रजा दिली असती, आणि रजा घेऊन करायचं काय? एकट्याचं बिऱ्हाड. तिथं भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा पाना बरा. आठवडाभर तो वेळेवर येत होता, डबा खात होता, ईमेलला उत्तरं देत होता. रडू काही आलं नव्हतं. आपल्यात काहीतरी बिघाड आहे असं त्याला वाटायचं, पण तेही लांबूनच, जणू दुसऱ्या कुणाबद्दल.

बाबा नागपूरच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीनच्या सिलिंडरवर होते. दाराची बेल वाजायच्या आधी वास यायचा आणि आई गॅसवर चहा ठेवायची. शर्ट कितीही धुतला तरी तो वास जायचा नाही. ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावू दिला नाही, तो माणूस साऱ्या शहराचं पाणी शुद्ध करायचा. फार बोलायचे नाहीत. पण पाहुण्यांपुढे ग्लास ठेवताना हमखास म्हणायचे, "आमच्या हातचं आहे. आता नाही म्हणून दाखवा." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला लागेपर्यंत हसायचे. अशा बापाच्या वासाला पोरगा घाबरणार कसा?

कबीरच्या खिशातला फोन वाजला. बहीण जागृती होती. तिकडे नागपुरात संध्याकाळ झाली होती. दादाला इकडून हजर राहता यावं म्हणून त्यांनी जलदान विधी मुद्दाम उशिरा ठेवला होता. भंतेजी गाथा म्हणतात, आणि घरची माणसं मिळून गेलेल्याच्या नावानं एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात अखंड धारेनं सोडतात. मोठा मुलगा म्हणून निदान एवढं तरी आपल्या हातून व्हावं, हीच एक गोष्ट कबीरनं आठवडाभर मनात धरून ठेवली होती.

"दादा, ऐकू येऊन राहिलं का? पाणी घेतलं ना तू?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. भरून ठेवलेला तांब्या घरी ओट्यावरच राहिला होता. नळ होता, पण या गावचा नळ. हजारो लिटर पाण्याच्या शेजारी उभा राहून मेश्रामांच्या थोरल्याकडे बापासाठी ओंजळभर पाणी नव्हतं.

आसावरीनं काही न विचारता गाडीतून आपली बाटली काढली. "घरचं आहे. फिल्टरचं." मग कंटेनरमधून काचेचं एक कोरं भांडं आणून बॉनेटवर ठेवलं आणि फोन हातात धरून उभी राहिली.

पडद्यावर आई, जागृती, काका, सगळ्यांचे हात एकाच तांब्यावर होते. गाथा सुरू झाली. कबीरनं बाटली कलती केली. धार बारीक ठेवली, तुटू दिली नाही. त्या कामात त्याचा हात तरबेज होता. भांडं भरलं, काठावरून सांडलं, बॉनेटवरून गवतात गेलं. गाथा संपली तेव्हा बाटलीत थोडं उरलं होतं. विधी नीट झाला. कबीरला तरीही काही वाटलं नाही.

आसावरीनं फोन त्याच्याकडे दिला आणि टाउनच्या लोकांना "आजचं कॅन्सल करा" सांगायला ती बाजूला गेली. तिकडून आई पडद्याजवळ आली. डोळे सुजलेले, आवाज मात्र घट्ट.

"कबीर, त्या गावाचं पाणी झालं का रे पिण्यासारखं?"

"का गं?"

"बाबा विचारायचे ना. दवाखान्यातही विचारत होते. तुला फोन करतो म्हणाले, मग म्हणाले, राहू दे, तो कामात असेल."

कबीरच्या ओठांवर 'हो' आलं होतं. एवढं खोटं आईशी कुणीही बोलतं. ते त्याला बोलवेना.

"नाही, आई. आज माझ्या हातून बिघडलं. सगळं ओतून द्यायचं आहे."

"मग घाई नको करू," ती म्हणाली. "नीट कर. लोकं पितात ते."

हे तर बाबांचंच बोलणं झालं. आईनं आपल्याला पाहू नये म्हणून कबीरनं फोन बॉनेटवर उताणा ठेवला, पाठ फिरवली आणि बाही तोंडात धरली. खांदे गदगदायला लागले ते थांबेनात.

"कबीर? अरे, दिसत नाही ना तू," बॉनेटवरून आवाज येत राहिला. "इथं नुसतं आभाळच दिसून राहिलं."