सोनेरी रंग नको म्हणणारा लेथ

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. लोखंडाला गरगर फिरवून घडवायचे, हे माझे व्रत. चेन्नईजवळ, ओरगडमच्या तंत्रविद्यापीठात माझा मुक्काम.

मी आलो तेव्हा विद्यापीठ कुठले! पत्र्याची एक शेड आणि तळ्यावरून येणारे बगळे. पुढे आसपास मोटारींचे कारखाने उभे राहिले. त्यांना शिकलेले हात हवे होते. कीर्तन रंगू लागले की मंडपाच्या कनाती सोडून लोकांना जागा करतात ना, तशा आमच्या भिंती मागे सरकत गेल्या. शेडचे कॉलेज झाले, कॉलेजचे विद्यापीठ झाले. पण लोखंडावरचा पहिला काप मुले घ्यायची ती माझ्यावरच. धातूचे चकचकीत वेटोळे निघाले की त्यांचे चेहरे बघावेत!

त्यांना शिकवणारे तुळजाजीराव तंजावरकडचे मराठी. माझ्या घरघरीत सूर मिळवून हरिकथेतली पदे म्हणायचे.

मग संगणकावर चालणारी यंत्रे आली. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. यंदा विभागप्रमुख स्वरदा मॅडमनी ठरवले, मला सोनेरी रंग द्यायचा आणि फाटकाशी सिमेंटच्या ओट्यावर बसवायचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र धडकी भरली. एकदा सांध्यासांध्यांत रंग बसला की मी कायमचा मुका!

रंगाचा मुहूर्त दसऱ्याचा. आदल्या दिवशी आयुधपूजा होती. तुळजाजीरावांनी मला पुसले, झेंडूची माळ घातली आणि भक्तीच्या भरात, कापायचे हत्यार धरणारा माझा गाडा ज्या रुळांवर सरकतो त्यांवरच चंदनाचे जाड पट्टे ओढले.

दसऱ्याला सकाळीच मॅडम आल्या. "तुळजाजी, रंगारी निघालाय हं."

"अय्यो मॅडम, काय बोलतां! पूजा केलेलं यंत्र विजयादशमीला चालवल्यावांचून ठेवतात काय? एक काप होऊं दे. मग रंग लावा."

मॅडम हसल्या. त्या सांगलीच्या. "आमचे बाबा खंडेनवमीला नट आवळायचे पाने पुजायचे आणि दसऱ्याला पहिला नट त्याच पान्यांनी आवळायचे. चला, एक काप."

हरिप्रिया नावाच्या विद्यार्थिनीने गाडा सरकवायचे चाक फिरवून पाहिले. गाडा हलेना! चंदन वाळून घट्ट बसले होते.

"हे कुणी लावलं?" मॅडमनी विचारले.

"मीच कीं," तुळजाजीराव पडेल आवाजात म्हणाले. "देवाला लावतों तसं लावलों."

"अहो, देवाला कुठे सरकायचंय? याला सरकायचंय!"

बोलल्या आणि सोनेरी रंगाचा बेत त्यांना स्वतःलाच आठवला. मग ओढणी खोचून त्यांनी चिंधी घेतली आणि चंदन खरवडून काढले. खाली गंजाची लाली धरू लागली होती. तुळजाजीरावांनी तेल सोडले. मी फिरलो. गाडा सरकला, आणि हरिप्रियाच्या हातून पहिले वेटोळे निघाले.

"मॅडम, हा तर चालतो!" ती ओरडली.

मॅडमनी फोन लावला. "रंगारी दादा, तुम्ही फाटकच रंगवा. लेथ कामावर आहे."

मित्रांनो, फुले आम्हांलाही आवडतात, खोटे कशाला बोलू? पण गंध कपाळाला लावा, रुळांना तेल द्या. आणि कुणा थकल्याभागल्याला मखरात बसवण्याआधी जवळ जाऊन एकदा विचारा, बाबा, तुम्हांला अजून काय करावेसे वाटते?