बनियनाचा फुफू

"ज्या संध्याकाळी माझ्या घरातून फुफू कांडल्याचा आवाज येणार नाही, त्या संध्याकाळी खुशाल समजा की बोआतेन गेला."

हे वाक्य ओपान्यिन बोआतेनने भर शोकसभेत, काळ्या-तांबड्या वस्त्रांतल्या जमावासमोर उच्चारलं. मेला होता दुसराच कुणी, पण समोर चार माणसं दिसली की बोआतेनला राहवत नसे. त्याची सारी हयात कुमासीच्या गाडीतळावर कर्ण्यातून गाड्या पुकारण्यात गेली होती. निवृत्तीच्या दिवशी कर्णा परत द्यावा लागला, आवाज कुणी मागितला नाही. विषय निघाला होता हल्लीच्या पोरांचा, जी चौकातल्या चिनी खानावळीतून डब्यात जेवण आणतात. बोआतेनचं म्हणणं असं की उखळातून न आलेल्या अन्नाला फार तर खाऊ म्हणावं. मंडळींनी माना डोलावल्या. वडीलधाऱ्याला ओपान्यिन म्हणायचं ठरलं की मान डोलावणं त्यातच आलं.

शोकसभा झाली शनिवारी. मंगळवारी सेरवाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, वाढदिवस होता.

त्या घरात मुसळ बोआतेनचं आणि हात सेरवाचा. तो उभ्याने घाव घाली. ती उखळाशी बसून दोन घावांच्या मधल्या फटीत ओला हात सरकवी आणि फुफूचा, म्हणजे उकडलेल्या कसाव्याच्या कंदाचा, गोळा उलटवी. लग्न झाल्यापासून त्याने तिचं एकही बोट चेचलं नव्हतं, आणि प्रेमाचा याहून मोठा पुरावा तिनेही कधी मागितला नव्हता. पण आताशा तिच्या बोटांचे सांधे धरत होते. म्हणून अक्राहून आलेल्या लेकीने, आफुआने, वाढदिवसाला काय हवं असं विचारलं तेव्हा सेरवाने नवं कापड मागितलं नाही की कानातलं मागितलं नाही. ती म्हणाली, एक संध्याकाळ माझा हात कोरडा राहू दे. बाजाराला जाता-येता त्या लाल कंदिलांच्या खानावळीतला आल्या-लसणीचा वास घेऊन माझं नाक केव्हाच जेवलंय, पोट तेवढं राहिलंय. ते जेवण घरी आणा आणि सगळे मिळून खाऊ. 'सगळे' म्हणताना तिने नवऱ्याकडे पाहिलं.

बोआतेनने छताकडे पाहिलं. शनिवारचं वाक्य गल्लीत अजून ऊन-ऊन होतं. आपण उपाशी झोपू, असं त्याने जाहीर केलं.

दिवेलागणीला आफुआ डबे घेऊन आली. परतलेला भात, नूडल्स, आल्यातली कोंबडी, कुरकुरीत रोल. झाकणं उघडली तशी आफुआच्या दोन्ही मुली टेबलाभोवती नाचायला लागल्या. सेरवाने हात धुतले, नीट पुसले आणि कोरडे झालेले हात जरा वेळ नुसतेच बघत बसली. शेजारची खुर्ची तिने ओढून ठेवली होती.

तेवढ्यात गल्लीतली मुसळं सुरू झाली. डावीकडे धप्प, उजवीकडे धप्प, मागच्या आळीत धप्प. फक्त बोआतेनचं अंगण गप्प. समोरच्या घरात ओफोरी राहायचा, त्याचा सोंगट्यांच्या डावातला जुना वैरी, आणि शनिवारी सगळ्यात जोरात मान त्यानेच डोलावली होती. बोआतेन दाराआडून त्याच्या खिडकीकडे बघत राहिला. शेवटी त्याला सोसवेना. तो अंगणात गेला. रिकामं उखळ खणखणतं, हे तिथलं शेंबडं पोरही ओळखतं, म्हणून त्याने आपला जुना बनियन भिजवून आत टाकला आणि मुसळ उचललं.

आवाज झकास निघाला. चूक एवढीच झाली की मध्ये हात घालायला कुणी नसल्याने बोआतेन धडाधड घाव घालत सुटला. गल्लीला दर घराचं कांडणं माणसाच्या खोकल्यासारखं ओळखू येई. बोआतेनच्या दोन घावांत सेरवाच्या हाताएवढी फट असायची. आज ती नव्हती. गल्लीने सरळ हिशेब केला: मुसळ चालू आहे, म्हणजे म्हातारा आहे. फट नाही, म्हणजे म्हातारी नाही.

पहिली आली पलीकडची दुफिये, डोळ्यांना पदर लावूनच. मागोमाग ओफोरी, खांद्यावर काळं वस्त्र आणि हातात प्लास्टिकची खुर्ची, कारण दुखवट्याला गेल्यावर खुर्ची मिळेलच असं नसतं. त्याने बोआतेनच्या पाठीवरून हात फिरवला आणि कधी नव्हे ते मऊ आवाजात विचारलं, "सेरवाला एकाएकी काय झालं रे? दुपारी तर टोमॅटो निवडत होती."

उत्तर आतून आलं.

"मी नूडल्स खातेय," सेरवा म्हणाली.

मंडळी आत घुसली. सेरवा धडधाकट होती, हनुवटीवर नूडलचा एक तुकडा होता. दुफियेने अंगणात परत जाऊन उखळात डोकावलं आणि मुसळाच्या टोकाला लोंबणारा ऐवज उंच धरला. "ओपान्यिन, बनियनाला सूप कुठलं करायचं?"

हसू ओसरल्यावर ओफोरीने खुर्ची मांडली. शब्दाप्रमाणे बोआतेन आज मेला आहे, तेव्हा आपण दुखवटा उरकूनच जाऊ, असं त्याने गंभीरपणे सांगितलं. बोआतेनची मान खाली गेली. सेरवाने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला.

"आफुआचे पापा," ती म्हणाली, "मेलेल्या माणसाला लोकांची कसली भीती? या, बसा."

तो बसला. जेवताना कुणी आलं तर "तुमचा हात आमच्यातच" म्हणावं लागतं, ते त्याने म्हटलं. पाहुण्याने पोट भरलंय म्हणायची रीत आहे. ती त्या संध्याकाळी कुणालाच आठवली नाही.

बोआतेनने पहिला रोल फुफूसारखा न चावता गिळला. डोळे पांढरे झाले. दुफियेने पाठीत मनापासून गुद्दे घातले. हे चावायचं असतं, असं सेरवाने समजावलं. दुसरा त्याने चावला. तिसऱ्याच्या वेळी तो काहीच बोलला नाही, आणि त्या घरात इतकी शांतता यापूर्वी कुणी ऐकली नव्हती. मग आल्यातल्या कोंबडीचा मोठा तुकडा त्याने उचलला, नातींचे डोळे चुकवून सेरवाच्या ताटात ठेवला आणि उभा राहिला.

"मंडळी," तो गाडीतळाच्या आवाजात म्हणाला, "आजपासून दर मंगळवारी या घरातलं उखळ गप्प राहील. ते गप्प ऐकलंत की समजा, बोआतेन आणि त्याचं कुटुंब जिवंत आहे, सुखात आहे, आणि या गल्लीच्या इतिहासात—"

"बरं," सेरवा म्हणाली. "ती तिखटाची पुडी तेवढी फोडून द्या. माझे हात तेलकट झालेत."