जागेपणाचं सोंग

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने टेबलापासून कायम लांब ठेवायची वस्तू म्हणजे लोहचुंबक. आतली बारीक स्प्रिंग एकदा का भारली, की घड्याळ वेड्यासारखं पुढे पळतं. आणि मी मात्र रोज सकाळी आपल्या पायांनी जाऊन डोकं चुंबकाखाली देत होतो.

झोप उडाली होती. पाठोपाठ विसरायला लागलो. डॉक्टरीणबाई आम्हा दोघांना म्हणाल्या, "झोप नसली की असं होतं. आधी झोप आणू. तरीही विसरणं थांबलं नाही, तर मात्र पुढच्या तपासण्या कराव्या लागतील." कसल्या, ते मी विचारलं नाही. माझ्या थोरल्या भावाच्या झाल्या होत्या. शेवटी शेवटी तो मला 'काका' म्हणायचा.

झोपेसाठी त्यांनी दवाखान्यातच चुंबकाचे उपचार सुरू केले. खुर्ची दाढीच्या दुकानातल्यासारखी. यंत्राचं जड कडं डोक्याला टेकलं, की टकटक सुरू. यंत्र चालवणाऱ्या मुलीला मी टकटकबाई म्हणायचो. ती हसायची, पण मान तसूभर हलू द्यायची नाही.

आणि गुण आला! मी ढाराढूर झोपू लागलो. बायको हरखली. माझ्या बहिणीला फोन करून म्हणाली, "अहो वन्सं, घरात गिरणी सुरू झालीय!"

त्याच दिवशी ताजातवाना होऊन दुकानात बसलो. समोर मीच आदल्या दिवशी उघडलेलं घड्याळ, चाकं बशीत काढून ठेवलेली. कुठलं चाक आधी बसवायचं, काही केल्या आठवेना. इतके दिवस दोष झोपेच्या माथी मारता येत होता. आता ती सोयही गेली.

तेव्हापासून मी खोटं बोलू लागलो. झोपेचं सोंग घेणारे पैशाला पासरी मिळतील. मी जागेपणाचं घेतलं. उठल्याबरोबर डोळे चोळून लाल करायचे, चहा पिताना जांभया द्यायच्या. टकटकबाईने विचारलं की म्हणायचं, "कसली झोप अन् कसलं काय!"

उपचाराच्या शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बायकोलाही आत बोलावलं.

"झोप कशी आहे आता?"

"डोळ्याला डोळा नाही," मी म्हणालो.

त्या बायकोकडे वळल्या. "खरं का हो?"

संपलं, म्हटलं. हिला साधं गिऱ्हाइकाशीसुद्धा खोटं बोलता येत नाही.

"हो ना," ती म्हणाली. "रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. मलाही झोपू देत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा टाकला आणि आणखी महिनाभराची टकटक लिहून दिली.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण बशीतली चाकं मी हिला दाखवली नव्हती. मग हिने काय पाहिलं होतं? माझ्या हातून असं काय झालं होतं, जे मला आठवतही नव्हतं?

विचारायची हिंमत झाली नाही. टकटकबाईने मला खुर्चीत बसवलं, डोक्याला कडं टेकवलं. "हलू नका हं."

बायको मागे दाराशी उभी होती. मान वळवता येत नव्हती, म्हणून तिचा चेहरा दिसला नाही. नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.