पोपटाची केस

"पोपट मारायचेत की हाकलायचेत? आधी ते सांगा," वन खात्याच्या खिडकीमागचा कारकून म्हणाला.

"मारायचे नाहीत हो. आपल्याच बागेत मारले तर चालतं का, एवढंच विचारायचंय," सिस्टर म्हणाल्या.

कारकुनानं मान वर केली. असं आधी विचारायला कुणी येत नसे. "नाही चालत. उंदीर-घुशी मारा हव्या तेवढ्या. पोपटाला हात लावायचा नाही. झाडावर जाळी टाका." त्यानं एक जाडजूड वही पुढं सरकवली. "इथं नाव, पत्ता आणि काय विचारलंत ते. खाली सही."

सिस्टरांनी सगळं सुवाच्य लिहिलं. चौतीस वर्षं इस्पितळात नोकरी झाली होती. कागद अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. निवृत्त झाल्या तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं, कुणाची जखम बांधायची असली, की हाक त्यांनाच.

नवरा गेल्यावर मुलगी आणि जावई त्यांच्याकडे राहायला आले होते. घर सिस्टरांचं, पण घरात आवाज जावयाचा. अंगणातल्या अंजिराला यंदा पहिल्यांदाच भरभरून फळं धरली होती आणि पोपट एकेक चोच मारून ती खाली टाकत होते. जावयानं त्यासाठी छर्र्यांची बंदूक आणली, म्हणून तर सिस्टर विचारायला गेल्या होत्या.

"जावईबापू, चौकशी करून आले. कायद्यानं बंदी आहे."

"मग काय, पोपट वकील लावणार आहेत का?" जावई हसला. मुलगीही हसली.

रविवारी सकाळी बागेत फट्ट आवाज झाला. सिस्टर धावल्या, तोवर पोपट मातीत फडफडत होता.

"बघितलंत? एका छर्र्यात!" जावई म्हणाला आणि आंघोळीला गेला.

सिस्टरांनी पोपट उचलला. तो त्यांच्या बोटाला कडकडून चावला, त्यांनी चावू दिलं. कापसानं रक्त पुसलं, पंखाला पट्टी बांधली. तेवढ्यात शेजारचे मास्तर भिंतीवरून डोकावले. त्यांना दिसलं ते एवढंच: भिंतीला टेकवलेली बंदूक, पोपट आणि सिस्टरांचे लाल हात.

दुपारी पोपट मेला. संध्याकाळी वनरक्षक दारात हजर.

"बंदूक कुणी चालवली?"

"सासूबाईंनी," जावई पटकन म्हणाला. "वय झालंय हो. अंजिरावर फार जीव. आम्ही सांगून दमलो."

पुढच्या महिन्यात त्याच्या सरकारी ऑफिसात बढतीची यादी लागणार होती. केस झाली असती, तर नाव कटलं असतं. सिस्टरांनी मुलीकडं पाहिलं. मुलगी फरशीकडं बघत होती.

"आई, बोल ना," ती हळूच म्हणाली. काय बोल, ते तिनं सांगितलं नाही.

"हो," सिस्टर म्हणाल्या. "मीच."

वनरक्षक भला माणूस होता. त्याच्या आईचं शेवटचं दुखणं सिस्टरांनीच काढलं होतं. तो आवाज उतरवून म्हणाला, "बंदी आहे हे माहीत नव्हतं, असं लिहू का? ताकीद देऊन मिटवता येईल."

"नको," सिस्टर म्हणाल्या. एका दिवसात दोनदा खोटं बोलणं त्यांना जमेना. "मला माहीत होतं. तुमच्याच ऑफिसात विचारून आले होते. वहीत सही आहे माझी."

वनरक्षकानं पेन हातातच धरलं. मग लिहायला लागला.

"काय गरज होती आई, एवढा शहाणपणा करायची!" तो गेल्यावर जावई खेकसला.

मास्तरांनी गल्लीभर सांगितलं. हळूहळू हाका थांबल्या. मास्तरांच्या बायकोला रोज इंजेक्शन लागे; ती आता दूरच्या दवाखान्यात चालत जाऊ लागली. समोरून सिस्टर आल्या, की छत्री आडवी धरी. जावयाला बढती मिळाली.

दोन महिन्यांनी केस उभी राहिली. जावयाला नव्या खुर्चीवरून सुट्टी मिळाली नाही. मुलगी म्हणाली, "मी येऊन काय करू तिथं?" सिस्टर एकट्याच गेल्या. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर त्यांनी "आहे" म्हटलं. न्यायाधीशांनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं आणि शिक्षा सांगितली: कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायचं.

मागच्या बाकावर त्या ताठ बसल्या, ड्यूटीवर बसत तशा. भांडणं आली, घटस्फोट आले, एक सायकलचोर आला. सगळं त्यांनी ऐकलं. साडेपाचला न्यायाधीश उठून गेले.

शिपाई खिडक्या लावत त्यांच्यापाशी आला. "आजी, सुटलात तुम्ही. जा आता घरी."

सिस्टरांनी दाराकडं पाहिलं.

"जरा वेळ बसले तर चालेल?"

शिपाई एकेक पंखा बंद करत गेला, आणि त्यांच्या डोक्यावरचा तेवढा त्यानं चालू ठेवला.