दोन खुर्च्यांमधला आडोसा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी आडोसा आहे. सुताराने मला एका माध्यमिक शाळेसाठी बनवलं, तेव्हा माझं काम साधं होतं. डॉक्टर तपासणीला आले की मुलं माझ्यामागे शर्ट काढत आणि उगीचच खिदळत. "बरा बनवलाय हो!" असं जो तो म्हणे.

मग मला शिक्षकांच्या खोलीत आणलं. तिथे गणिताच्या बाई आणि विज्ञानाचे सर शेजारी शेजारी बसत. बाई त्यांना दादा म्हणत, सर त्यांना ताई. परीक्षा तोंडावर आली आणि सरांनी न विचारताच बाईंचे तास प्रयोगांसाठी घेतले. बाई शिक्षकांच्या भर सभेत त्यांना बोलल्या. सरही भडकले, "तुमची मुलं कच्ची राहिली, ती काय माझ्यामुळे?" शब्दाने शब्द वाढला. रोजच्या कटकटीला कंटाळून मुख्याध्यापकांनी दोन खुर्च्यांच्या मध्ये मला उभं केलं. म्हणाले, "आता ना तोंड दिसेल, ना भांडण होईल."

भांडण थांबलं खरं, पण बोलणंही थांबलं. बाईंनी आलेख शिकवण्याआधीच सर तो प्रयोगात काढायला सांगत. मुलं बिचारी एकमेकांकडे बघत. दोघांचंही शिकवण्यातलं मन उडालं. सर तासाला उशिरा जात, बाई फळ्याकडे तोंड करून तास उरकत. मधल्या सुट्टीत एका बाजूने बाई मला पाठ टेकत, दुसऱ्या बाजूने सर. दोघांचे सुस्कारे मला ऐकू येत. वाटे, मला वाचा असती तर!

पुढे नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी दोघांना माझ्या एकाच बाजूला बसवलं.

"चूक कुणाची, ते मला नको. समोरच्याचं म्हणणं काय आहे, ते आधी तुम्ही सांगा. त्यांना पटलं, की मग आपलं बोला."

सरांनी खुर्ची बाईंकडे वळवली. मग म्हणाले, "तास गेले, याचं ताईंना एवढं नाही. मी विचारलं नाही, ते लागलं."

बाईंनी पदराने डोळे टिपले. "दादांना प्रयोगशाळा तेवढ्याच वेळी मोकळी मिळत होती. मुलांचे प्रयोग राहिले असते." मग सरांकडे बघत त्या म्हणाल्या, "पण विचारलं असतंत, तर मी नाही म्हटलं असतं का हो?"

"चुकलंच माझं, ताई."

"मीही चारचौघांत बोलायला नको होतं."

मुख्याध्यापिकांनी तिथेच वेळापत्रक समोर ओढलं. प्रयोगांना जोडतास मिळाला, आलेख आधी गणितात शिकवायचं ठरलं. आणि मला अडगळीच्या खोलीत हलवलं.

इथे भिंतीपलीकडून त्यांचं हसणं येतं. शब्द मात्र कळत नाहीत. कुणाची तरी पाठ टेकावी, असं फार वाटतं. तरीही मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी बसू द्या. रुसलेल्या दोन माणसांच्या मध्ये मला उभं करायला निघालात, तर आधी त्यांच्या खुर्च्या समोरासमोर ठेवून बघा.