दोन वाजताची अपॉइंटमेंट

इग्नासिओ माफ्नासने ‘गैरहजर’वर क्लिक केलं आणि मार्लिना नापुटीच्या नावापुढचा लाल चौकोन राखाडी झाला.

शुक्रवारची संध्याकाळ होत आली होती. बेटावरच्या त्या कॉलेजच्या सल्ला केंद्रात सल्लागारांना आठवड्याच्या शेवटी हे एक काम असेच. विद्यार्थ्यांना दिलेल्या अपॉइंटमेंट संगणकावर एकाखाली एक दिसत, आणि प्रत्येकीपुढे विद्यार्थी आला की नाही ते नोंदवायचं. नोंदवलं नाही तर चौकोन लाल राहायचा आणि सोमवारी वरून विचारणा व्हायची. ‘हजर’ म्हटलं तर खाली लिहावं लागे, काय बोलणं झालं, कोणते विषय घ्यायला सांगितले. ‘गैरहजर’ म्हटलं की काही लिहायचं नसे. विद्यार्थ्याला मेसेज आपोआप जायचा.

मार्लिनाशी काहीच बोलणं झालं नव्हतं, एवढं खरं होतं. पण ती आली होती की नाही हे इग्नासिओला माहीत नव्हतं, कारण दोन वाजता तो स्वतःच जागेवर नव्हता.

जेवणानंतर तो विसरलेला चष्मा आणायला गाडीकडे गेला होता. पुढचा कप्पा उघडून चाचपताना कागदी रुमालात गुंडाळलेला चमचा हाताला लागला. फेलिसाचा, त्याच्या बायकोचा. ती दुपारी डबा घेऊन यायची आणि दोघं गाडीतच जेवायची. प्लास्टिकच्या चमच्याने जेवल्यासारखं वाटत नाही म्हणून ती घरचा चमचा गाडीत ठेवायची. तिला जाऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात हा कप्पा त्याने कितीदा तरी उघडला असेल. चमचा आजच हाताला लागला. तो दार ओढून आत बसला, आणि मग त्याला उठता आलं नाही. केंद्रात परत आला तेव्हा तीन वाजून गेले होते आणि बाकांवर कोणी नव्हतं.

“झालं का तुझं, नासियो?” दिताने दारातून डोकावून विचारलं. ती केंद्राच्या पुढच्या टेबलावर बसायची. शुक्रवारी दुपारी मात्र तिला प्रवेशाच्या खिडकीवर धाडत, त्यामुळे दोन वाजता इथे कोण आलं-गेलं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

“झालं.”

“मग ऊठ की. आज फेलिसाच्या वर्षाची रोझरी, प्रार्थनेला अर्धं गाव तुझ्या अंगणात येणार, आणि घरधनी इथे बसलाय संगणकाचं तोंड बघत. लाल भात मी आणतेय हं. तुझ्या बहिणीला करू देऊ नकोस. गेल्या वेळचा तिचा भात अजून माझ्या पोटात बसलाय.”

तो हसला. मार्लिना नापुटी आली होती का, असं दिताला इकडे-तिकडे विचारायला सांगता आलं असतं. पण मग तू कुठे होतास, असं तिने विचारलं असतं. त्याने संगणक बंद केला.

सोमवारी सकाळी तो टेबलाशी बसतो न बसतो तोच दिता आली.

“बाहेर नापुटींची नात उभी आहे. इनाराहान गावची. अपॉइंटमेंट नाही तिच्याकडे. संगणक घेऊच देत नाही म्हणते.”

“का देत नाही?”

“तीनदा गैरहजर राहिली म्हणून. तूच नोंदवलंयस शेवटचं, मला काय विचारतोस?”

इग्नासिओने तिची फाइल उघडली. शुक्रवारी ती उघडायची तसदी त्याने घेतली नव्हती. उन्हाळ्यात ती दोनदा चुकली होती. दोन्ही वेळा तिने आधी कळवलेलं होतं: मावशीची गाडी बंद पडली. बेटाच्या त्या टोकाहून दुसरं काही वेळेवर मिळत नाही. आणि आता ही तिसरी. खाली यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. तीन वेळा गैरहजर, म्हणून अपॉइंटमेंट घेण्याची सोय बंद. सल्लागाराची भेट झालेली नाही, म्हणून नर्सिंगच्या वर्गातली जागा राखलेली नाही. वर्गाची यादी आज दुपारी जायची होती. मार्लिनाच्या मागे दुसऱ्या कोणाचं तरी नाव उभं होतं.

ती आत आली. उंच, खांदे थोडे झुकलेले, केस घट्ट बांधलेले. हातात प्लास्टिकची पिशवी होती. तिने पिशवी खाली ठेवली, वाकून इग्नासिओचा हात धरला आणि घरच्या थोरल्यांच्या हाताला टेकवतात तसं नाक टेकवलं.

“आजीने विलायती फणस दिलेत, अंकल. भाजायचे असतील तर उद्यापर्यंत ठेवा म्हणाली. आणि रोझरीला येता आलं नाही म्हणून रागावू नका म्हणाली. तिचे गुडघे.”

“आजीला सांग, रागावलो नाही. बस.”

ती बसली नाही. “शुक्रवारी मी आले नाही,” ती खाली बघत म्हणाली. “माफ करा. तुमचा वेळ गेला.”

त्याला हायसं वाटलं. म्हणजे ती आलीच नव्हती. तो क्षण फार थोडा टिकला, पण तो आला होता. पुढे बरेच दिवस त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली ती त्या हायसं वाटण्याची.

“गाडी बंद पडली का पुन्हा?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग?”

ती पायाच्या अंगठ्याने पिशवीचं टोक दाबत राहिली.

“मार्लिना, तू आली होतीस की नव्हतीस?”

“तुम्ही लिहिलंय ना, अंकल,” ती म्हणाली. “आले नाही म्हणून.”

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मोठ्या माणसाने एक गोष्ट लिहून ठेवली आहे आणि ती खोटी आहे असं त्याच्या तोंडावर म्हणण्यापेक्षा तिने आपली जागा घालवली असती. बेटावरची सगळी पोरं अशीच वाढलेली. तोही तसाच वाढला होता. शाळेत असताना फादरनी दुसऱ्याच्या खोडीबद्दल त्याला भर उन्हात उभं केलं, तेव्हा तोही फादरना ‘माफ करा’ म्हणाला होता. घरी आईने सगळं ऐकून घेतलं आणि बरं केलंस म्हणाली.

तो खुर्चीवरून उठला. “इथेच थांब,” तो म्हणाला. “बस खुर्चीत. कुठे जाऊ नकोस.”

“मी वाईट केलं का काही?”

“तू नाही,” असं म्हणून तो बाहेर पडला.

शनिवार उजाडला की नोंदीला कुलूप लागायचं. ते उघडायचा अधिकार फक्त रोझान तेनोरिओला होता. ती केंद्राची प्रमुख. फेलिसाच्या मामेबहिणीची मुलगी. इग्नासिओच्या मांडीवर बसून तिने कधीकाळी कलिंगड खाल्लं होतं, आणि आता त्याच्या रजा ती मंजूर करायची. दोघांनाही त्याची सवय झाली होती.

“एक नोंद बदलायची आहे,” त्याने सांगितलं. “मार्लिना नापुटी. शुक्रवार, दोन वाजता. ती आली होती.”

रोझानने नोंद शोधली. “आणि इथे गैरहजर आहे.”

“हो.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. शुक्रवारी कसली रोझरी होती हे तिला माहीत होतं. तिथे पहिल्या रांगेत तीच तर बसली होती. तिने नजर काढून घेतली.

“हे यंत्र असं करतं कधीकधी, अंकल. आपण दाबतो एक आणि नोंदतं भलतंच. मी ‘यंत्रातला दोष’ टाकते आणि तक्रार पुढे पाठवते. त्यांचा माणूस बघेल.”

“कधी?”

“आठवडा तरी लागेल.”

“यादी आज दुपारी जाते, रोझान.”

“ते आहेच.” तिने पेन उचललं, परत ठेवलं. “आजच्या आज बदलायचं तर सल्लागाराची चूक म्हणून बदलावं लागेल. तसं टाकलं की कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि ते तिच्या फाइलमध्ये राहतं. तिला दिसतं ते. तिला मेसेजही जातो.”

“जाऊ दे.”

“अंकल, मी नर्सिंगच्या बाईंना फोन करून बघते ना आधी. त्या ऐकतील माझं.”

“आणि नाही ऐकलं तर?”

रोझानने पेन पुन्हा उचललं. केंद्रात वर्षभर हेच चाललं होतं. तो उशिरा आला तर दिता घड्याळाकडे पाहत नसे. त्याचं पत्र लिहायचं राहिलं तर कोणीतरी लिहून टाकत असे. कोणी त्याला काही बोलत नव्हतं. सगळ्यांना त्याची भीड पडली होती, आणि त्या भिडेला तो इतका सरावला होता की शुक्रवारी ते एक बटण दाबताना त्याला काहीच वाटलं नव्हतं.

“उघड,” तो म्हणाला.

तिने कुलूप काढलं आणि खुर्चीवरून उठून त्याला जागा दिली. इग्नासिओ दोन बोटांनी टाइप करायचा. ‘विद्यार्थिनी वेळेवर आली होती. सल्लागार जागेवर नव्हते.’

“एवढं बस झालं की,” रोझान खिडकीशी उभी राहून म्हणाली.

त्याने बटण दाबलं. नोंद पुढे गेली नाही. ‘कारण’ची चौकट रिकामी होती.

तो त्या चौकटीकडे पाहत राहिला. डॉक्टरकडे गेलो होतो, असं लिहिता आलं असतं. तब्येत बरी नव्हती, असंही. रोझानने कशावरही मान डोलावली असती. मग त्याने एकेक अक्षर शोधत लिहिलं: ‘सल्लागार गाडीत बसून रडत होते. परत आल्यावर ते लपवण्यासाठी त्यांनी विद्यार्थिनीला गैरहजर दाखवलं.’

रोझानने ते वाचलं की नाही हे त्याने पाहिलं नाही. तिने मागून हात लांबवून आपलं मंजुरीचं बटण दाबलं, एवढंच त्याला दिसलं.

“जागा राखली गेली तिची,” ती हळू म्हणाली.

“बरं.”

“अंकल, आज घरी जायचं असेल तर…”

“नाही. माझ्याकडे विद्यार्थिनी बसली आहे.”

तो परत आला तेव्हा मार्लिना खुर्चीच्या कडेवर बसलेली होती. फोन मांडीवर पालथा घातलेला. मेसेज पोचला होता हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ती लाल झाली होती, डोळ्यांत पाणी होतं. तो आत येताच उठून उभी राहिली.

“तुम्ही असं कशाला लिहिलंत, अंकल?” ती जवळजवळ चिडून म्हणाली. “आजीला मी काय सांगू? माझ्यामुळे तुम्हाला असं लिहावं लागलं.”

“तुझ्यामुळे नाही. बस.”

“मी पुढच्या वर्षी घेतला असता वर्ग. एका वर्षाने काय होतं?”

“बरंच होतं,” तो म्हणाला. मग समोर बसला. दोघांच्या मध्ये टेबल होतं, आणि टेबलावर पाहण्यासारखं काही नव्हतं तरी दोघं त्याच्याकडेच पाहत होती. “तुझी माफी मागायची आहे मला. खोटं लिहिलं मी तुझ्याबद्दल. आणि मघाशी तू ‘आले नाही’ म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं. तेही सांगून टाकतो.”

तिने मान हलवली. नको, नको, अशी. बाहेर दिता कोणाला तरी फोनवर खडसावत होती की फॉर्म आणायचा तो शाईने भरून आणायचा.

“मला माहीत होतं,” मार्लिना म्हणाली.

“काय?”

“तुम्ही गाडीत होतात ते. तुम्ही दिसला नाहीत, म्हणून मी बाहेर बघायला आले. गुलमोहराखाली तुमची गाडी दिसली.” ती थांबली. “मी जवळ आले होते. पार काचेपर्यंत. तुमचं डोकं स्टिअरिंगवर होतं. आधी वाटलं तुम्हाला काही झालं की काय. मग खांदे हलताना दिसले.”

इग्नासिओ हलला नाही.

“मग मी गेले. बसस्टॉपवर जाऊन बसले. म्हटलं, अंकलना कळायला नको मी पाहिलं ते.” तिने हाताच्या मागच्या बाजूने गाल पुसला. “पण तीन दिवस तेच डोक्यात आहे. नर्स व्हायचं म्हणते मी, आणि एक माणूस काचेच्या पलीकडे असा, आणि मी मागे वळून चालायला लागले.”

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

“काच वाजवायला हवी होती का, अंकल?”

नाही, तू केलंस ते बरोबर केलंस, हे त्याच्या ओठांवर आलं. त्याच्या आईने तेच सांगितलं असतं. फेलिसानेही कदाचित तेच. मार्लिनाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तीही तेच ऐकायची वाट पाहते आहे, आणि ते ऐकलं की डोळे पुसून विषयांचं बोलायला मोकळी होईल.

“हो,” तो म्हणाला. “वाजवायला हवी होती.”

तिने हळूच मान डोलावली. मग बॅगेतून वही काढली, पेन काढलं, आणि खुर्ची टेबलाच्या जवळ ओढून घेतली.