पायांखालचा शब्दकोश

मी एक शब्दकोश बोलतोय. चौदाशे पानांचा, विद्वान आणि आता जरा विसरभोळा. मधली काही पानं वाळवीने खाल्ली, त्यामुळे पुढे सांगतो ते सगळं तसंच घडलं, असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

सहा प्राध्यापकांनी अकरा वर्षं खपून मला घडवलं. मग एका कादंबरीकाराने विकत घेऊन टेबलावर ठेवलं. जगातलं सगळं आपल्याच पोटात आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती.

लेखक एका साप्ताहिकात सूतगिरणीतल्या बायकांवर कादंबरी लिहीत होते. प्रत्येक प्रकरण छापायला देण्याआधी ते गिरणीतल्या एका बाईला वाचून दाखवायचे. तिला ते मावशी म्हणत. बारा तास उभं राहून तिचे पाय सुजलेले असत. पहिल्याच दिवशी लेखकांनी मला उचललं आणि तिच्या पायांखाली ठेवलं.

"अहो, पुस्तक आहे ते. मळेल ना!"

"मळू द्या, मावशी. आजवर नुसतं बसूनच तर आहे ते."

माझा अपमान झाला, खोटं कशाला बोलू?

आठव्या प्रकरणात एक कामगार मुलगी यंत्रापाशी कोसळते आणि सगळ्या बायका धावत येतात, असं लेखकांनी लिहिलं होतं. ते त्यांनी मोठ्या रंगात वाचून दाखवलं. मावशी मात्र फिसकन हसली.

"कोण धावतंय? हात थांबला की धागा तुटतो, आणि धागा तुटला की मुकादम बोंबलतो. माझी धाकटी बहीण पडली, तेव्हा मी शेजारच्याच यंत्रावर होते. धागे जोडत राहिले. सुट्टीचा भोंगा झाल्यावर गेले तिच्याकडे. तोवर गार पडली होती."

माझ्या पोटात 'दारिद्र्य' या शब्दाचे पाच अर्थ होते. त्या क्षणी एकही पुरेना.

लेखकांनी हातातले कागद बाजूला सारले. म्हणाले, "हे छापलं तर मुकादम तुम्हाला ओळखेल. कामावरून काढतील."

"लिहा," मावशी म्हणाली. "फक्त मला चांगली दाखवू नका."

तसंच छापून आलं. पोस्टमन वाचकांच्या पत्रांची पोती आणू लागला. चौकशी समिती बसली. दोन वर्षांत कायदा झाला: यंत्रापाशी बाकं, मधली विश्रांती, कुणी पडलं तर यंत्र थांबवायचा हक्क. कागदावर शाई उमटते काय आणि हजारो बायकांना खाली बसायला मिळतं काय! हे नवल मला अजून पेलत नाही.

पण मावशीची नोकरी प्रकरण छापून आल्यावर आठवड्यातच गेली होती. लोक म्हणू लागले, गरीब बाईचं दुःख विकून लेखकाने नाव कमावलं. लेखकांनी कधी उत्तर दिलं नाही. ते ऐकून ऐकून मलाही शंका कुरतडू लागली. ती खरंच 'लिहा' म्हणाली होती, की लेखकांवरच्या मायेपोटी तो शब्द मीच तिच्या तोंडी घातला?

लेखक गेले. मी आता वाचनालयाच्या कपाटात असतो. कधी आलात तर जपून उघडा, शिवण सैल झाली आहे. आणि अर्थ विचारायचा तर माझ्याइतकाच माणसांनाही विचारा.

मागच्या वर्षी एका संशोधक मुलीने त्या चौकशी समितीचा अहवाल माझ्याशेजारी उघडला आणि मैत्रिणीला वाचून दाखवला. पहिलीच साक्ष मावशीची होती: "गोष्टीतली थोरली बहीण मी. लेखक कचरत होते. मीच लिहायला लावलं."